हॉटेलचे प्रश्न आणि माझी ८० युआनची चादर

मागच्या अंकात मी चीनमधल्या केचियाओच्या कापडबाजाराबद्दल लिहिलं होतं. इचलकरंजीतल्या आमच्या कारखान्यासाठी रॅपिअर (बिनधोट्याच्या) मागांचे सुटे भाग आणायला २०११ पासून मी चीनला जाते. म्हटलं, मागांबद्दल दोन-चार पत्रं येतील. आली ती सगळी हॉटेलबद्दल! त्यातली तीन इथे घेते.

प्रश्न : ताई, मी निवृत्त शिक्षक. मूळचा सोलापूरचा, आता मिरजेत असतो. युद्धात चिनी जखमींवर उपचार करता करता तिकडेच गेलेले आमच्या सोलापूरचे डॉ. द्वारकानाथ कोटणीस, त्यांच्या समाधीपुढे एकदा उभं राहायचं, ही फार वर्षांची इच्छा. यंदा ९ डिसेंबरला, त्यांच्या पुण्यतिथीला, उत्तर चीनमधल्या शिजियाझुआंगला पोचायचं ठरवलंय. मुलाने दिवसाला ३२० युआनचं हॉटेल बघून ठेवलंय. आम्ही नवरा-बायको, साठी उलटलेले, शाकाहारी, अंडंसुद्धा नाही. पासपोर्ट काढून घेतात का? अनामत किती? खायचं काय? आणि भाषेचं कसं करायचं?
— एक वाचक, मिरज

उत्तर : सर, कोटणीसांचं नाव काढलंत म्हणून तुमचं पत्र पहिलं घेतलं. २०१६ मध्ये मी तिथे जाऊन आले आहे. त्याबद्दल शेवटी सांगते.

पासपोर्ट काढून घेत नाहीत. पण काउंटरवर तो तुमच्या हातून जातो आणि पंधरा-वीस मिनिटं परत येत नाही. घाबरू नका, आणि तो तिथेच सोडून खोलीवरही जाऊ नका. परदेशी माणूस रात्री कुठे झोपला याची नोंद तिकडे चोवीस तासांत पोलिसांकडे जावी लागते. हॉटेलात हे काम काउंटरवरची मुलगी करते. चिनी गिऱ्हाइकाचं ओळखपत्र यंत्रावर टेकवलं की झालं. आपलं मात्र तिला बसून टाइप करावं लागतं, व्हिसाच्या पानासकट, आणि तेही दोघांचं वेगवेगळं. त्यात आपली नावं! स्वतःचं, वडिलांचं, आडनाव. यातलं घराणं कुठलं आणि माणूस कुठला, हेच त्यांना उमगत नाही. माझ्या पासपोर्टभोवती एकदा तिघीजणी जमल्या होत्या, देवळात पोथी वाचायला जमावं तशा. बोट ठेवून आडनाव दाखवा, काम लवकर होतं. आणि आरक्षणातलं स्पेलिंग पासपोर्टशी जुळतंय ना, हे मुलाला आजच बघायला सांगा.

आणखी एक काम मुलालाच सांगा. हॉटेलला आधी निरोप टाकून 'भारतीय पासपोर्टवर दोन माणसं येतील, चालेल ना' असं विचारून ठेवायचं. पूर्वी मधल्या-खालच्या दराची कितीतरी हॉटेलं परदेशी पाहुण्याला सरळ नाही म्हणत. २०२४ मध्ये सरकारने बजावलं की परवानगी नाही ही सबब पुढे करून परदेशी माणसाला परत पाठवायचं नाही. नियम झाला, पण रात्री अकराला काउंटरवर बसलेल्या नवख्या पोराला नोंद कशी करायची ते ठाऊक नसलं की तोंडातून 'नाही'च येतं. निरोपाचं उत्तर फोनवर असलं म्हणजे ते त्याच्यापुढे धरता येतं.

अनामतीला तिकडे 'याजिन' म्हणतात. शंभरापासून तीनशे युआनपर्यंत धरून चाला, म्हणजे एका युआनला साधारण बारा-तेरा रुपये हिशेबाने काय ते बघा. काही ठिकाणी हल्ली मागतही नाहीत. मी ती रोख देते. अलिपेने (मोबाइलवरून पैसे द्यायचं तिकडचं ॲप) दिली तर कार्डावर परत यायला दिवस लागतात, रोख दिली की पावती दाखवून तिथल्या तिथे हातात. निघताना काउंटरवरून वर फोन जातो, सफाईवाली बाई खोली बघून येते आणि मग पैसे सुटतात.

इथे माझी चादर येते. केचियाओच्या एका हॉटेलात पलंगावर बसून मी भाकरी-चटणी खात होते. घरची शेंगदाण्याची चटणी, वर तेल. डबा कलंडला. पांढऱ्याशुभ्र चादरीवर लालभडक नकाशा उमटला. साबण लावून चोळली, डाग आणखी पसरला. सकाळी बाई खोली बघून गेली आणि काउंटरवरच्या मुलीने शांतपणे टेबलाच्या काचेखालचा कागद दाखवला : उशीचा अभ्रा इतके, टॉवेल इतके, चादर ८०. मी हुज्जत घातली. कापडातली माणूस मी, त्या चादरीचा धाग्याचा भाव मला पाठ! पण ती हसत हसत ८० वरच राहिली. पैसे कापले आणि चादर घडी करून पिशवीत घालून माझ्या हातात दिली. पैसे भरले म्हणजे माल तुमचा. हिशेब चोख होता, मला राग धरता आला नाही. त्या चादरीवर आमच्याकडे दर उन्हाळ्यात सांडगे वाळतात. तेव्हा काकूंना सांगा, डोक्याचं तेल, कुंकू, लोणचं या सगळ्यापासून पांढरं कापड जपा. जेवायला टेबल असतं, त्यावर वर्तमानपत्र पसरा.

आता खाणं. नाश्ता खोलीच्या दरातच आहे का ते आरक्षणात बघून घ्या. साडेसहा-सातला सुरू होतो आणि साडेनऊला आवरायला लागतात. त्यात तुमच्यासाठी हमखास काय? 'मान्थोउ', म्हणजे आत काहीही नसलेला, वाफवलेला पांढरा गोळा. सोयाबीनचं गरम दूध. उकडलेली मक्याची कणसं, रताळी, कधी लाल भोपळा. आणि राळ्याची पेज. हो, आपले राळेच! उत्तर चीनमध्ये, तुमच्या त्या हबेई प्रांतात तर नक्कीच, सकाळी पिवळीधमक राळ्याची पेज मोठ्या भांड्यात वाफाळत असते. राळ्याला तिकडे 'शाओमी' म्हणतात. ते फोनवाल्या कंपनीचं नाव तेच. आपल्याकडे राळ्याचा भात म्हातारीकोतारी सोडून कोणी ओळखत नाही, तिथे सुटाबुटातली माणसं दोन-दोन वाट्या पितात. पेज अळणी असते. मीठ आणि मेतकूट खिशात ठेवा, मग बघा.

चकवणारे पदार्थ दोन. 'बाओझ' दिसतो मान्थोउसारखा, पण आत सारण असतं, आणि भाजीचं म्हटलं तरी त्यात अंडं निघू शकतं. दुसरं म्हणजे परतलेल्या हिरव्या पालेभाज्या. भाजीच दिसते, पण परतायला डुकराची चरबी किंवा चवीला कोंबडीच्या अर्काची पूड घालतात, आणि त्यांच्या लेखी ती भाजीच राहते. 'मी शाकाहारी' एवढं सांगून भागत नाही. 'मांस, मासे, अंडं, प्राण्याची चरबी, कोंबडीची पूड, यातलं काहीही नको' एवढं सगळं चिनी अक्षरांत लिहून घ्या, मोठ्या टायपात छापा आणि चार प्रती न्या. बौद्ध मंदिरांजवळ शाकाहारी खानावळी सापडतात. तिथे तर कांदा-लसूणही नसतो, काकूंना चातुर्मासाची आठवण येईल.

खोलीत पाणी तापवायची किटली असतेच. मी पहिलं पाणी उकळून फेकून देते, आधीच्या पाहुण्याने तिच्यात काय केलं असेल सांगता येत नाही. त्यात झटपट उपमा, पोहे होतात. शेगडी मात्र नेऊ नका, उदबत्तीही लावू नका. छताला धूर लागताच बोंबलणारं यंत्र असतं.

भाषेसाठी शब्द पाठ करत बसू नका. सूर चुकला की शब्दाचा अर्थच बदलतो. चौदा वर्षांत माझं 'गार पाणी' कोणाला कळलेलं नाही, दर वेळी गरमच येतं. लिहिलेलं दाखवा. हॉटेलचं नाव-पत्ता असलेलं कार्ड काउंटरवरून पहिल्या दिवशीच घ्या आणि दोघांच्याही खिशात एकेक ठेवा. हॉटेलच्या वायफायवर व्हॉट्सॲप आणि गूगल चालणार नाही. आपलं भारतातलं सिम रोमिंगवर असेल तर त्यावर चालतं.

डिसेंबरात तिथे पारा रात्री शून्याच्या खाली असतो, पण खोलीत गारठणार नाही. उत्तरेत साधारण १५ नोव्हेंबर ते १५ मार्च शहरभर सरकारी हीटिंग चालतं. उलट उकडेल आणि घसा कोरडा पडेल. झोपताना ओला टॉवेल खुर्चीवर टाकून ठेवा.

बीजिंगहून जलद गाडीने दीड तासाच्या आत पोचाल. गाडीलाही पासपोर्ट लागतोच. कोटणीसांची समाधी शहरातल्या हुतात्म्यांच्या स्मशानभूमीत आहे, त्यांच्यासारखंच जखमींसाठी काम केलेले कॅनडाचे डॉ. बेथ्यून यांचीही तिथेच. तिकडे कोटणीस म्हणून विचारलंत तर कोणाला कळणार नाही, त्यांचं चिनी नाव 'ख दीहुआ'. मी गेले तेव्हा टॅक्सीसाठी काउंटरवरच्या पोराला ते नाव लिहिलेला कागद दाखवला. त्याने माझ्याकडे पाहिलं, पासपोर्टची प्रत पुन्हा काढून पाहिली आणि मोबाइलवर भाषांतर करून विचारलं, 'तुम्ही त्यांच्या गावच्या?' मी म्हटलं, गावची नाही, शेजारच्या जिल्ह्यातली. (सोलापूर-कोल्हापूर, मध्ये सांगली आहे, पण तिथे बसून एवढं चालतं.) तो स्वतः बाहेर येऊन टॅक्सीत बसवून गेला. तुम्ही तर सोलापूरचेच. सांगा त्यांना.

प्रश्न : ऑक्टोबरात ग्वांगझूच्या कँटन फेअरला, म्हणजे तिथल्या मोठ्या व्यापारी प्रदर्शनाला, पहिल्यांदा जातोय. १९० युआनची खोली मिळाली, फोटो झकास आहेत. इतकी स्वस्त कशी? काही गोम आहे का?
— एक तरुण उद्योजक, नाशिक

उत्तर : आहे. त्या खोलीला खिडकी नसणार. आरक्षणाच्या पानावर खाली बारीक अक्षरांत बघा, 'वू छुआंग' म्हणजे बिनखिडकीची. कधी 'आतली खिडकी' लिहितात, ती उघडते व्हरांड्यात. फोटोत पडदा दिसतो, पडद्यामागे भिंत. एकट्याला दोन रात्री चालून जाईल, पण फेअरचा एक टप्पा पाच दिवसांचा. पन्नास-साठ युआन जास्त मोजा. प्रदर्शनाच्या दारातलंच हॉटेल हवं हा हट्टही नको, त्या दिवसांत तिथले दर आभाळाला भिडतात. मेट्रोच्या ८ नंबरच्या मार्गावर कुठेही राहा, शिनगांगदोंग किंवा पाझोउ स्टेशनला उतरलं की प्रदर्शन समोर.

कंपनीला बिल लावायचं असेल तर निघताना 'फाप्याओ' मागा. साधी पावती आणि फाप्याओ वेगळे, तिकडे अधिकृत बिल म्हणजे फाप्याओच. कंपनीचं नाव इंग्रजीत लिहून द्या. लिफ्टला खोलीचं कार्ड लागतं, आणि 'पहिला मजला' म्हणजे आपला तळमजला. चौथ्याचं बटण कधी कधी सापडणारच नाही, चारचा उच्चार मरणासारखा होतो म्हणून. टूथब्रश-कंगवा घरून न्या, बऱ्याच शहरांत हल्ली मागितल्याशिवाय देत नाहीत. दाराखालून बायकांच्या फोटोंची कार्डं सरकवलेली दिसली तर केरात टाका.

रात्री खोलीतला फोन वाजून ध्वनिमुद्रित चिनी बाई काहीतरी बोलली तर दार उघडून बघा. तुम्ही मागवलेलं पाणी घेऊन कमरेएवढा यंत्रमानव उभा असेल. मी पहिल्यांदा त्याला 'थँक यू' म्हटलं होतं.

प्रश्न : मुलगी नानजिंगला डॉक्टरीला आहे. जानेवारीत दहा दिवस जाणार. ती म्हणते, आई, माझ्या भाड्याच्या खोलीतच राहा, हॉटेलचा खर्च कशाला?
— एक आई, नांदेड

उत्तर : राहता येईल, पण मग पोलीस चौकीत चोवीस तासांत नोंद तुम्हालाच करावी लागेल. पासपोर्ट, खोलीचा करारनामा आणि लेक, तिघांना घेऊन. हॉटेलात ते आपोआप होतं. तुमच्या जागी मी असते तर पहिल्या चार रात्री तिच्या कॉलेजजवळच्या हॉटेलात दोन पलंगांची खोली घेतली असती आणि तिलाच तिथे झोपायला बोलावलं असतं. तिचीही नोंद काउंटरवर करा, लपूनछपून नको. परीक्षेच्या दिवसांत पोरीला गरम पाण्याची अंघोळ आणि आईच्या हातचा वरणभात, दोन्ही हवं असतं. वरणभात तिच्या खोलीवर करा.

मिरजेच्या सरांना लिहिलेलं हीटिंग तुम्हाला लागू नाही. नानजिंग दक्षिणेत धरतात, तिथे सरकारी हीटिंग नाही. एसीच्या गरम हवेवर भागवायचं, आणि दाराजवळच्या खाचेत अडकवलेलं खोलीचं कार्ड काढलं की एसीही बंद. कार्डं दोन मागून घ्या, एक खाचेत अडकलेलंच राहू द्या. गादी आपल्या सतरंजीइतकी कडक असते. काउंटरवर 'बेइझ' लिहिलेला कागद दाखवा, म्हणजे दुलई. दोन मागा. एक पांघरायला, एक खाली अंथरायला.