सोसायटीचं रंगकाम: परांची की झुला?

कोथरूडची तुमची चार मजली, पस्तीस वर्षं जुनी इमारत रंगवायची आहे, हातात तीन कोटेशनं आहेत आणि कोणतं घ्यावं, असं तुम्ही लिहून विचारलंय. एकात ‘पहाड बांधून’, दुसऱ्यात ‘कपलॉक स्कॅफोल्डिंग’, तिसऱ्यात ‘झुल्यावर’, आणि तिसरं सगळ्यात स्वस्त. पहाड, परांची, स्कॅफोल्डिंग हे एकच. पहाड म्हटलं की बहुधा बांबू असतो आणि कपलॉक म्हणजे पाइपांची परांची, इतकंच. झुला मात्र गच्चीवरून दोराने खाली सोडतात. त्यामुळे दर शेजारीशेजारी मांडण्याआधी काम काय आहे ते ठरवा.

नुसता रंग असता तर झुला घ्या म्हटलं असतं. पण तुम्हीच लिहिलंय की मागच्या भिंतीचं प्लास्टर पोकळ वाजतंय आणि दोन छज्ज्यांच्या सळया उघड्या पडल्यात. तिथे छिन्नी चालवावी लागणार. झुल्यावरच्या माणसाला पाय रोवायला जागा नसते. घाव घातला की तोच मागे जातो. मग पोकळ प्लास्टर तसंच राहतं, वरून पुट्टी ओढली जाते आणि पुढच्या एक-दोन पावसाळ्यांत फुगे येतात. मागे परांची आणि पुढे झुला असं वाटून घ्या. कंत्राटदार कुरकुरेल, कुरकुरू दे.

बांबूला मी नाक मुरडणार नाही. वाकड्यातिकड्या बाल्कन्यांभोवती किंवा पेठेतल्या बोळात तो बसतो तसा पाइप बसत नाही. पण त्याची सगळी भिस्त गाठींवर. दोरी उन्हापावसात सैल पडते, म्हणून बांधणाऱ्यानेच मधूनमधून येऊन गाठी आवळायच्या, हे करारात हवं. तुमच्याकडे तोडफोड आहे, मलबा फळ्यांवर साचणार, तेव्हा मी पाइपच घेईन. कपलॉकच्या उभ्या पाइपावर दर अर्ध्या मीटरला वाटी असते. आडव्या पाइपांची टोकं तिच्यात बसवायची, तिच्यावरची सुटी वाटी खाली सरकवून फिरवायची आणि हातोडीने ठोकायची. ठोकलेली नसेल तर ती हातानेच फिरते. जमिनीजवळच्या दोन-चार सुट्या वाट्या स्वतः हलवून बघा, मुकादम कसा आहे ते तिथेच कळतं. आणखी एक: उभ्या पाइपांच्या ओळी दोन हव्यात. एकच ओळ उभी करून आडव्याचं दुसरं टोक तुमच्या भिंतीत खुपसायला देऊ नका.

मग पायाकडे बघा. पाइप पेव्हर ब्लॉकवर, बागेतल्या मातीत, अगदी ड्रेनेज चेंबरच्या झाकणावरही टेकवलेले असतात. खाली बेसप्लेट, म्हणजे लोखंडी बैठक, आणि तिच्याखाली जाड फळी पाहिजे. सळया दिसणाऱ्या छज्ज्यावर तर एकही पाइप टेकता कामा नये.

भिंतीशी बांधणी हा सगळ्यात दुर्लक्षित भाग. सोपं म्हणून खिडकीच्या ग्रिलला किंवा पावसाच्या पाइपला तार गुंडाळतात. एप्रिल-मेमध्ये वळवाआधी जो वारा सुटतो, त्यात हिरवी जाळी लावलेली परांची म्हणजे शीडच. जाळी लावणार असाल तर प्रत्येक मजल्यावर कॉलम किंवा बीममध्ये अँकर बोल्ट मारून परांची त्यांना बांधून घ्या. परांचीच्या सुरक्षिततेसाठी आयएस 3696 हे भारतीय मानक आहे. करारात त्याचा उल्लेख करा, कामगारांच्या विम्याची प्रतही मागा.

अँकर काढले की भोकं उरतात. परांची वरून खाली उतरवतात, तेव्हा प्रत्येक टप्प्यावर भोक पॉलिमर मॉर्टरने भरून, रंगाचा हात मारूनच पुढचा पाइप सुटला पाहिजे. एकदा खाली आलेला माणूस चौथ्या मजल्यावरच्या एका भोकासाठी परत चढत नाही, आणि जुलैत त्याच फ्लॅटच्या बेडरूममध्ये ओल येते. शेवटचा हप्ता यासाठी राखून ठेवा.

भाड्याचंही विचारा. दर चौरस फुटाचा असेल तर मोजमाप भिंतीचं की परांचीचं, किती महिन्यांचं भाडं त्यात धरलंय, आणि रंगारी गावाला गेले तर वाढीव भाडं कोणाच्या माथी? आणि वॉचमनला सांगून ठेवा, संध्याकाळी काम थांबलं की सगळ्यात खालची शिडी काढून आत ठेवायची. पहिल्या-दुसऱ्या मजल्यावरच्यांना खिडक्यांना कड्या लावायला सांगा. परांचीवरून चोरही चढतो.