घरकुलाचा सल्ला: अर्जाआधी जागेचा कागद

प्रश्न: आमचं पत्र्याचं घर नगरपरिषदेच्या हद्दीत आहे. जागा दिवंगत सासऱ्यांच्या नावावर. घरपट्टी आम्हीच भरतो. नवरा हमाली करतात, मी धुणीभांडी. घरकुल मिळेल का?

उत्तर: ताई, मिळू शकतं. प्रधानमंत्री आवास योजना शहरी २.० मध्ये स्वतःच्या जागेवर घर बांधायला केंद्राचे दीड लाख आणि राज्याचे एक लाख, असे अडीच लाख मिळतात. अट अशी की कुटुंबाचं वार्षिक उत्पन्न तीन लाखांच्या आत हवं, देशात कुठेही पक्कं घर नसावं आणि गेल्या २० वर्षांत दुसऱ्या घरकुल योजनेचा लाभ घेतलेला नसावा. कुटुंब म्हणजे नवरा, बायको आणि अविवाहित मुलं. त्यामुळे विवाहित दिराचं पक्कं घर असलं तरी तुमचा अर्ज अडत नाही.

तुमची खरी अडचण जागेची आहे. घरपट्टीची पावती हा मालकीचा पुरावा नव्हे. जागेला मालमत्ता पत्रक असेल तर नगर भूमापन कार्यालयात, सातबारा असेल तर तलाठ्याकडे (आता पदाचं नाव ग्राम महसूल अधिकारी) आधी वारस नोंद करून घ्या. मृत्यूचा दाखला लागेल. वारसांत सासूबाई, दीर आणि नणंदा, लग्न झालेल्यासुद्धा, सगळे येतात. त्यांना हक्क सोडायचा असेल तर हक्कसोडपत्र दुय्यम निबंधकाकडे नोंदवावंच लागतं. नुसत्या स्टॅम्प पेपरवर सह्या घेऊन भागत नाही. नणंदांना आधी विश्वासात घ्या. हे काम घाईने उरकलं की पुढे वाद होतो आणि घर अर्धवट राहतं.

जागेचं मार्गी लागलं की घरातल्या सगळ्यांची आधार कार्डं, तहसीलदारांचा उत्पन्नाचा दाखला, लागू असल्यास जातीचा दाखला आणि आधारशी जोडलेलं बँक खातं एवढं जमवा. अर्ज योजनेच्या संकेतस्थळावर भरता येतो. आधारला जोडलेला मोबाईल जवळ ठेवा, ओटीपी त्यावरच येतो. नाव आधारवर, पासबुकावर आणि जागेच्या कागदावर सारखं हवं. माहेरचं नाव एकीकडे आणि सासरचं दुसरीकडे असेल तर ते आधीच दुरुस्त करा.

मंजुरीआधी जुनं घर पाडू नका. मोकळ्या जागेचा किंवा कच्च्या घराचा जिओटॅग फोटो, म्हणजे ठिकाणाची नोंद असलेला फोटो, आधी लागतो. पुढेही जोतं, छत अशा टप्प्यांचे फोटो होतात आणि त्यावर हप्ते सुटतात. बांधकाम परवानगी घ्या. चटईक्षेत्र ३० ते ४५ चौरस मीटर, म्हणजे साधारण ३२३ ते ४८४ चौरस फूट, ठेवा. अडीच लाखांत घर पुरं होत नाही, तेव्हा उरलेल्या पैशांची सोय झाल्याशिवाय पाया खणू नका.

प्रश्न: मला तयार फ्लॅट घ्यायचा आहे. कर्जाला सवलत मिळते का?

उत्तर: याच योजनेत मिळते. उत्पन्न नऊ लाखांपर्यंत, घराची किंमत ३५ लाखांपर्यंत आणि कर्ज २५ लाखांपर्यंत असेल, तर पहिल्या आठ लाखांवर चार टक्के व्याज अनुदान आहे. कमाल १.८० लाख, पाच वार्षिक हप्त्यांत. कर्ज १ सप्टेंबर २०२४ किंवा त्यानंतर मंजूर झालेलं हवं. पक्कं घर नसण्याची अट इथेही आहे.

प्रश्न: आमची वस्ती शहराला लागून आहे, पण ग्रामपंचायतीत.

उत्तर: मग वस्ती शहराच्या अधिसूचित नियोजन किंवा विकास क्षेत्रात येते का, ते आधी विचारा; येत नसेल तर शहरी अर्ज करू नका, तो बाद होईल. तेव्हा ग्रामीण योजनेसाठी ग्रामपंचायत अधिकाऱ्यांना (पूर्वीचे ग्रामसेवक) भेटा.