गिटारवाली गाणी आवडतात, पण जॅझ डोक्यावरून जातं. कोणता अल्बम ऐकू?

तुम्ही लिहिलंय की गिटार घेऊन स्वतःची गाणी गाणारे आवडतात, पण जॅझ लावलं की दहा मिनिटांत कंटाळा येतो, तर मधलं काही आहे का? आहे. कॅनडाची गायिका-गीतकार जोनी मिचेल हिचा 'हेजिरा', १९७६.

फक्त मोबाइलच्या स्पीकरवर ऐकू नका. मी पहिल्यांदा तसाच ऐकला, भांडी घासता घासता, आणि 'बाई फारच एकसुरी गातेय' म्हणून बंद केला. नंतर हेडफोन लावल्यावर कळलं, अर्धी गंमत बास गिटारच्या खर्जात होती आणि तीच मोबाइलनं गिळली होती.

नऊ गाण्यांपैकी चारांत जॅझ बासवादक जॅको पास्टोरियसचा बास आहे. त्याच्या बासला पडदे नाहीत, सरोदसारखं. त्यामुळे सूर मिंडेसारखे घसरत येतात. 'कोयोटी' लावा आणि पहिल्या खेपेला शब्दांकडे लक्षच देऊ नका. जोनीची ओळ संपते न संपते तोच बास स्वतःचं काहीतरी बोलून घेतो. तबलजी कमी, सारंगीवाला जास्त.

जोनीची गिटारही सरळ नाही. लहानपणी पोलिओ झाल्यामुळे तिचा डावा हात कमजोर होता, नेहमीचे कॉर्ड, म्हणजे एकत्र छेडायचे सूर, धरणं जड जायचं. म्हणून ती तारा वेगळ्याच सुरांत लावायची. त्यातून निघणारे कॉर्ड ना धड लोकगीतातले, ना धड जॅझचे.

यातली बरीचशी गाणी तिला अमेरिकेच्या पूर्वेकडच्या मेन राज्यातून लॉस एंजेलिसला एकटीनं गाडी हाकत परतताना सुचली. अल्बमचं नाव अरबीतून आलंय, आपल्या ओळखीच्या हिजरी सनातलाच तो शब्द. 'अमेलिया' हे गाणं १९३७ मध्ये विमानासकट बेपत्ता झालेल्या वैमानिक अमेलिया एअरहार्टला उद्देशून आहे. त्यात बास नाही, ड्रम नाहीत. गिटार आणि मागे व्हायब्राफोनची, म्हणजे धातूच्या पट्ट्यांच्या वाद्याची किणकिण, बस. प्रत्येक कडवं फिरून एकाच ओळीवर येऊन थांबतं.

कुणी सांगेल, तिच्याच १९७४ च्या 'कोर्ट अँड स्पार्क'पासून सुरुवात करा. तो सोपा आहे, कबूल. पण तिथे जॅझ फोडणीपुरतं आहे, इथे ते भाजीत मुरलंय.

'साँग फॉर शॅरन' पहिल्या फेरीत सोडलंत तरी चालेल. साडेआठ मिनिटांच्या वर आहे. मीही तिसऱ्या वेळी शेवटपर्यंत पोचलो.