नदीपलीकडे कोण गेलं?

चि. मुली,
अनेक आशीर्वाद.

तुझं पत्र मिळालं. सात पिढ्यांची वंशावळ सुबक काढली आहेस, पण मी ती बाजूला ठेवली आणि शेवटी ताजा कलम म्हणून तू जी ओळ घातलीस ती दोनदा वाचली. गिरगावात तुमच्याकडे चतुर्थीला मातीची मूर्ती आणत नाहीत, कागदाचा गणपती लावून त्याचीच पूजा करतात, आणि असं का, ते आजोबांनाही ठाऊक नव्हतं. अगं, त्या सगळ्या तक्त्याहून ही ओळ मोलाची आहे. गोव्यात कागदाचा गणपती पुजणारी घरं अजून आहेत. मूर्ती सापडली तर घरावर संकट, कागद मात्र घडी करून कुठेही दडवता येतो, असं त्या घरांतली माणसं सांगत आली आहेत. १५६० साली इथे इन्क्विझिशन, म्हणजे पोर्तुगिजांचं धर्मन्यायालय, आलं आणि मधली थोडी वर्षं सोडली तर १८१२ पर्यंत राहिलं. तुमचे लोक कधीतरी कारवारला गेले, तिथून मुंबईला गेले. भीती वाटेत कुठेतरी गळून पडली, कागद तेवढा बरोबर राहिला.

आता तुझी एक चूक. कुलदैवत कवळ्याची शांतादुर्गा, म्हणून ‘आमचं मूळ गाव कवळे’ असं तू लिहून टाकलंस. कवळे हे देवीचं आसऱ्याचं गाव. ती मूळची गोव्याच्या जुन्या साष्टी तालुक्यातल्या केळशीची. मंगेश कुशस्थळीचा, म्हणजे आजच्या कुठ्ठाळीचा, तो १५६० मध्ये जुवारी ओलांडून प्रियोळला आला. म्हाळसा वेर्ण्याहून म्हार्दोळला आली, रामनाथ लोटलीहून आला. सगळे नदीच्या अलीकडे, आमच्या अंत्रूज महालात, म्हणजे फोंड्याकडे, कारण हा मुलूख तेव्हा आदिलशहाचा होता. पोर्तुगिजांच्या हाती तो १७६३ साली गेला. म्हणजे तुला शोधायचं गाव देवळाच्या पत्त्यावर नाही, नदीच्या पलीकडे समुद्राकडच्या बाजूला आहे.

देवळाच्या कचेरीत महाजनांची, म्हणजे देवस्थानात हक्क असलेल्या घराण्यांची, नोंद असते, ती बघ. तुम्ही महाजन नसाल, कुळावी, म्हणजे तो हक्क नसलेले कुळभक्त, असाल, तरी बिचकू नकोस, पुरोहिताला विचार. कोणत्या घराचा अभिषेक वर्षातून कधी असतो, कोण कुठून येतं, हे त्याला पुस्तकाशिवाय आठवतं. पण या नोंदी बहुतेक पुरुषांच्या. कागदाचा गणपती कोणत्या बाजूला लावायचा, माटोळीला, म्हणजे गणपतीवर टांगायच्या फळांच्या चौकटीला, कोणतं रानफळ हवंच, हे तुमच्या घरात कुणी टिकवलं? सुनांनी. म्हणून वंशावळीत जिथे जिथे ‘पत्नी’ एवढंच लिहिलं आहेस, तिथे तिथे तिचं नाव आणि माहेर भर. मंगळूरच्या आजेआत्यांना अजून फोन केला नाहीस, तो आधी कर.

यापुढचं तू विचारलंस म्हणून सांगतो, नाहीतर माझ्या तोंडून हा विषय निघत नाही. केळशीत जे राहिले त्यांच्यातल्या कितीजणांनी ख्रिस्ती धर्म घेतला, आणि त्यांत तुमचं रक्ताचं कुणी असेल का? असू शकेल. पण आडनावावरून शोधायला गेलीस तर फसशील. बाप्तिस्म्याच्या वेळी बऱ्याचदा ‘पाद्रिन्य’चं, म्हणजे धर्मपित्याचं आडनाव मिळे. एकाच घरातले दोघे भाऊ, एक फर्नांडिस तर दुसरा डिसोझा, हे सहज होई. आणि एका पाद्रिन्यामुळे एकमेकांशी काडीचा संबंध नसलेली दहा घरं एका आडनावाची होत. त्यामुळे वाडा विचार, घराला हाक मारायचं नाव विचार, आणि गावकर, म्हणजे गावच्या जमिनीचे परंपरागत हिस्सेदार, असतील तर वांगड, म्हणजे त्यांतलं घराणं, विचार. धर्म बदलला तरी गावकरी पुसली गेली नाही. वांगड पुढे चालू राहिले. चर्चच्या नोंदी पोर्तुगीजमध्ये आहेत, अक्षर भयंकर असतं, पण एखादा म्हातारा सांक्रिस्तांव, म्हणजे चर्चचा सेवक, भेटला तर तुझा आठवडा वाचेल.

जाण्याआधी एक निरोप पाठव: मला जमीन नको, कोमुनिदादचा जोन, म्हणजे गावजमिनीच्या उत्पन्नातला वाटा, नको, पोर्तुगालच्या पासपोर्टासाठी कागदही नकोत. हसू नकोस. आजकाल पणजोबांचं नाव विचारत दारात उभं राहणारं माणूस या तिन्हींपैकी एकासाठीच आलेलं असतं.

आता माझी फजिती सांगतो. तीस-पस्तीस वर्षांपूर्वीची गोष्ट. मीही असाच कागद जुळवत साष्टीतल्या एका घरी पोचलो. वांगड जुळत होता, घराचं जुनं नाव जुळत होतं. मास्तरकी अंगात, त्यात शोध लागल्याचा आनंद. बलकांवात, म्हणजे दारापुढच्या ओट्यावर, बसलेल्या म्हाताऱ्या बाईला मी म्हणालो, “तुम्ही मूळचे आमचेच.” तिने मला वरपासून खालपर्यंत पाहिलं आणि म्हणाली, “आमी खंयच वचूंक ना, पुता. न्हंयेपल्याड तुमी गेले.”

आम्ही कुठेच गेलो नाही, बाळा. नदीपलीकडे तुम्ही गेलात.

मला उत्तर सुचलं नाही. खरंच तर होतं. देव घेऊन आम्ही पळालो, जमीन सांभाळत ते राहिले. आमच्या तोंडी ‘ते बाटले’, त्यांच्याकडे ‘ते पळाले’. चारशे वर्षांत एकमेकांच्या अंगणात बसून हे कुणी बोललंच नव्हतं. एक भाऊ देवासाठी घर सोडतो, दुसरा घरासाठी देव, यांत मोठा कोण हे ठरवायला मला तरी बसायचं नाही. तू ‘मूळचे’ हा शब्द घेऊन जाऊ नकोस, एवढंच. त्या शब्दात मालकी आहे. आणि जातीचं कौतुक तर मुळीच नको, दोन्हीकडे ते अजून हवं त्यापेक्षा जास्त शिल्लक आहे.

म्हातारीने मग मला चहा दिला. निघताना हातावर दहा रुपये ठेवले आणि देवीला तेल घालायला सांगितलं. मी ते घातलं आणि कुणाला सांगितलं नाही. तूही असं काही दिसलं तर फोटो काढून नातेवाइकांच्या व्हॉट्सअ‍ॅप गटावर टाकू नकोस. त्यांच्या पाद्रीला किंवा आपल्या देवस्थान समितीला ते आवडेलच असं नाही, आणि व्यवहार त्या बाईचा नि देवीचा आहे.

मग आपल्या श्रद्धेचं बोलायचं कसं, असं तू विचारलंस. व्याख्यान देऊ नकोस, घरात काय करता ते सांग. त्यांना विचार, लग्नाआधी ‘भिकाऱ्यांचं जेवण’ अजून घालता का? ते पूर्वजांच्या आठवणीनं घालतात. मग तू तुमच्याकडच्या म्हाळाचं सांग, पानावर कोणती भाजी लागतेच ते सांग. राय गावात ५ ऑगस्टला, ताळगावात २१ ऑगस्टला कणसांचं फेस्त, म्हणजे चर्चचा सण, होतं, भाताची पहिली कणसं चर्चमध्ये आशीर्वादाला नेतात. आपल्याकडे चतुर्थीच्या दुसऱ्या दिवशी नव्याची पंचमी. शेत एकच होतं, कणसं वेगळ्या उंबऱ्यांवर गेली. हे त्यांना सांगावं लागत नाही, तेच हसून म्हणतात.

जमलं तर शिगम्याच्या दिवसांत कुंकळ्ळीला ये. तिथली शांतादुर्गा फातर्प्याला नेली होती. वर्षातून एकदा ती छत्र्यांच्या उत्सवात आपल्या गावी येते. बारा वांगडांच्या बारा छत्र्या, गुलाल, ढोल, आणि वांगडांत हिंदू तसे ख्रिस्ती गावकरही. हेच ते गाव, जिथे १५८३ साली पाच जेझुइट पाद्री मारले गेले आणि बदला म्हणून गावच्या सोळा नायकांना बोलणी करायला असोळण्याच्या किल्ल्यात बोलावून कापून काढलं. एकजण निसटला म्हणतात. एवढं होऊनही छत्री धरणारा हात कुणाचा हे तिथे कुणी विचारत नाही. मानपानाची भांडणं होतात, कोर्टापर्यंतही जातात. भांडण कधी परक्याशी होत नाही, हे तू भाऊबंदकीच्या शहरातून येतेस म्हणून तुला सांगायला नको.

म्हापशाची मिलाग्रीस सायबीण, म्हणजे तिथल्या चर्चमधली मेरीमाता, बघायची राहून जाऊ देऊ नकोस. शिरगावची लईराई, मयेची महामाया, मोरज्याची मोरजाई या बहिणी, आणि त्यांतलीच मिराबाई म्हापशाला जाऊन सायबीण झाली, असं लोक मानतात. फेस्ताला हिंदू बायका तेल घेऊन रांगेत उभ्या असतात. गोव्यानं देवांचीसुद्धा वंशावळ अशी मांडून ठेवली आहे, आणि तीत धर्म बदललेल्या बहिणीचं नाव खोडलेलं नाही. तुझ्या तक्त्यात उजवीकडे मोकळी जागा सोड.

केळशीतल्या माझ्या ओळखीच्या घरी मी बोलून ठेवलं आहे. रविवारी सकाळी सगळे मिसाला, चर्चमधल्या प्रार्थनेला, जातात, अकरानंतर जा. जाताना खाजं घेऊन जा, मुंबईची महागडी मिठाई नको. आणि बलकांवात बसवलं तर लगेच वही उघडू नकोस. आधी चहा पी.

तुझा,
मास्तर