‘तोल गेला’ एवढे लिहून थांबू नकोस

नाशिक

चिरंजीवास अनेक आशीर्वाद.

तुझे पत्र मिळाले. गिरणारे गावाच्या पुढील त्या कृषी पर्यटन केंद्रात क्वाड बाईकच्या, म्हणजे हँडलने वळवायच्या त्या उघड्या चारचाकी गाड्यांच्या, ट्रॅकची जबाबदारी तुझ्याकडे आली, हे वाचून आनंद झाला. आणि पहिल्याच आठवड्यात एक पर्यटक गाडीसह उलटला, हे पुढे वाचून काळजीही वाटली. त्याला खरचटण्यापलीकडे काही झाले नाही, हे त्याचे आणि तुझेही नशीब. केंद्राच्या वहीत केलेली नोंद तू मला जशीच्या तशी लिहून पाठवलीस: ‘वळणावर तोल गेल्याने गाडी कलंडली.’ या एका वाक्याविषयीच मला तुझ्याशी सविस्तर बोलायचे आहे.

सातपूरच्या कारखान्यात मी 31 वर्षे देखभाल विभागात काढली आणि त्यातली बरीच वर्षे सुरक्षा समितीत होतो. अपघाताच्या अहवालात ‘कामगाराचे लक्ष नव्हते’ असे लिहिलेले दिसले की आम्ही तो कागद परत पाठवत असू. ते विधान खोटे असेच असे नाही. पण त्यावरून उद्या सकाळी कोणता बोल्ट आवळायचा आणि कोणत्या पट्ट्यावर गार्ड बसवायचे, हे कळत नसे. ‘तोल गेला’ हे त्याच जातीचे वाक्य आहे. पुढच्यास ठेच, मागचा शहाणा, असे आपण सहज म्हणून जातो. परंतु पुढच्याने थांबून दगड नेमका कुठे होता ते दाखवले नाही, तर मागचाही तिथेच ठेचकाळतो.

तोल जातो म्हणजे काय होते, ते एकदा हिशेबाने पाहा. तुझ्या गाडीच्या डाव्या आणि उजव्या चाकांतील अंतर 80 सेंटिमीटर आहे आणि चालक बसल्यावर दोघांचा मिळून गुरुत्वमध्य, म्हणजे सारे वजन जिथे एकवटले आहे असे मानता येते तो बिंदू, जमिनीपासून 60 सेंटिमीटर उंचीवर येतो, असे समज. अशी गाडी आडव्या उतारावर नुसती उभी असली, तरी सुमारे 34 अंशांना कलंडेल. आता 15 अंशांचा उतार घे, जो डोळ्यांना मुळीच भीतीदायक वाटत नाही. वरच्या बाजूचे चाक 15 सेंटिमीटर उंचीच्या दगडावर चढले आणि त्याच क्षणी खालचे चाक 10 सेंटिमीटर खोल चाकोरीत उतरले, तर गाडीचा कल आणखी 18 अंशांनी वाढतो. बेरीज 33 झाली. वेग, वळण, दबणारे टायर यांतले काहीही मी अजून धरलेले नाही. त्यातच मागे मित्राला बसवले आणि गुरुत्वमध्य 70 सेंटिमीटरवर गेला, तर कलंडण्याचा कोन 30 अंशांवर येतो, म्हणजे ती गाडी त्या दगडावर पुरती चढण्याआधीच उलटलेली असते. हे आकडे समजुतीसाठी घेतले आहेत. तुझ्या गाड्यांचे तू स्वतः मोज.

आपल्या नाशिककरांच्या बाबतीत एक वेगळी अडचण आहे. तुझ्याकडे येणारा जवळजवळ प्रत्येक माणूस दुचाकीवर वाढलेला असतो आणि त्याच सवयी घेऊन तो क्वाडवर बसतो. दुचाकी वळणात स्वतः झुकते. क्वाड झुकत नाही, त्यामुळे चालकाला आपले अंग वळणाच्या आतल्या बाजूला न्यावे लागते. तो ते करत नाही, उलट बाहेर फेकला जाईल या भीतीने ताठ बसतो. दुचाकी डगमगली की पाय टेकवायचा, हे आपल्या रक्तात भिनलेले आहे. क्वाडवर टेकवलेला पाय मागच्या चाकाखाली जातो आणि गुडघ्याची किंवा घोट्याची वाताहत होते. थ्रॉटल, म्हणजे वेग वाढवण्याची कळ, मुठीत नसून अंगठ्याखालच्या दांडीत असते. घाबरलेला माणूस हँडल आवळून धरतो, आवळताना अंगठा दाबला जातो आणि गाडी थांबण्याऐवजी उसळी घेते. तू लिहिलेस की तो पर्यटक ‘मी ब्रेक दाबत होतो’ असे सांगत होता. त्याच्यावर विश्वास ठेव. त्याला तसेच वाटत असणार, आणि म्हणूनच त्याचा अंगठा कुठे होता, हे विचारणे अधिक महत्त्वाचे आहे. गतीमर्यादेचा स्क्रू आणि मनगटाला बांधायच्या दोरीचा, चालक पडताच इंजिन बंद करणारा किल स्विच ज्या गाडीवर आहे, तीच गाडी नवख्याच्या हाती दे.

आता मी तुला एक प्रसंग सांगतो, जो मी आजवर फार कमी लोकांना सांगितला आहे. दहाएक वर्षांपूर्वी जिल्ह्यातील अशाच एका ठिकाणी मुलांना गाड्यांची देखभाल शिकवायला मी जात असे. एका गाडीच्या पुढच्या टायरचे पंक्चर काढून आणले होते आणि पंक्चरवाल्याने सवयीने त्यात मोटारसायकलइतकी हवा भरली होती. क्वाडच्या टायरला साधारण 3 ते 7 पीएसआय एवढीच हवा लागते. नेहमीच्या पंपाच्या गेजवर एवढा कमी दाब नीट वाचताही येत नाही. टायर दगडासारखा लागतो आहे, हे मला हाताला जाणवले होते. मी दुसऱ्या गाडीच्या चेनमध्ये गुंतलो होतो आणि ‘नंतर पाहू’ म्हणालो. तेवढ्यात एक गृहस्थ आपल्या आठेक वर्षांच्या मुलाला पुढ्यात घेऊन तीच गाडी घेऊन निघाले. ट्रॅक सोडून शेताच्या बांधावरून एक आडवाट होती, ती त्यांनी धरली. बांध त्यांनी तिरका चढायला घेतला, एक बाजू उसळली, आणि गाडी अगदी सावकाश, बघणाऱ्याला धावत जाऊन धरता येईल असे वाटावे इतक्या सावकाश, त्यांच्या अंगावर आली. मुलगा नांगरलेल्या मऊ मातीत फेकला गेला म्हणून वाचला. वडिलांच्या छातीवर गाडी होती. त्यांना ओरडताही येत नव्हते, ओठ निळे पडू लागले होते. आम्ही चौघांनी गाडी उचलली. त्यांच्या तीन बरगड्या आणि गळपट्टीचे हाड मोडले होते. हेल्मेट हँडलला लटकत होते, कारण त्याच्या पट्ट्याचे बक्कल तुटलेले होते.

मालकाने कागदावर लिहिले, ‘ग्राहकाच्या निष्काळजीपणामुळे’. साक्षीदार म्हणून खाली मी सही केली. सुरक्षा समितीत इतकी वर्षे बसलेला माणूस मी, आणि तो कागद परत करण्याचे धैर्य मला झाले नाही. टायर, बक्कल, आडवाट, एका गाडीवर दोन जीव, निघताना दिलेली अर्ध्या मिनिटाची माहिती, यांतले काहीही त्या कागदावर आले नाही. त्याहून वाईट गोष्ट मला नंतर मुलांकडून समजली. त्याच बांधावर आधीच्या आठवड्यात दोन गाड्या एका बाजूच्या चाकांवर उचलल्या जाऊन परत खाली टेकल्या होत्या आणि सगळ्यांनी टाळ्या वाजवल्या होत्या. कारखान्यात अशा घटनेला आम्ही ‘नियर मिस’ म्हणतो आणि तिची नोंद प्रत्यक्ष अपघाताइतक्याच गांभीर्याने ठेवतो, कारण कोणीही न दुखावता दगड दिसण्याची ती एकमेव संधी असते.

जगात ही गाडी आज जशी आहे, तशी ती अपघातांची नीट मोजदाद झाल्यामुळेच झालेली आहे. अमेरिकेत 1970 मध्ये होंडाने विक्रीस आणलेली पहिली गाडी तीनचाकी होती. पुढे तिच्या अपघातांची संख्या इतकी वाढली की तेथील ग्राहक उत्पादन सुरक्षा आयोग आणि उत्पादक कंपन्या यांच्यातील 1988 च्या न्यायालयीन समझोत्यानुसार नव्या तीनचाकींची विक्री बंद झाली. मोठ्यांसाठीची गाडी 16 वर्षांखालील मुलाच्या हाती देऊ नये, हा तिथला आग्रहही मुलांच्या अपघातांतूनच आला. दोन-तीनशे किलोंची गाडी आपल्या वजनाने सावरण्याएवढे मुलाचे अंग नसते. ऑस्ट्रेलियात शेतांवरील मृत्यूंचा अभ्यास झाला, तेव्हा असे दिसले की गाडीखाली दबून श्वास कोंडल्यामुळे दगावलेल्या कित्येकांच्या इतर जखमा जीवघेण्या नव्हत्या. त्यानंतर 2019 मध्ये तिथे सक्तीचे मानक आले, आणि 11 ऑक्टोबर 2021 पासून शेतीच्या सर्वसाधारण वापरासाठी विकल्या जाणाऱ्या नव्या क्वाडला चालक खाली चिरडला जाऊ नये यासाठी संरक्षक चौकट आणि 28.81 अंशांपर्यंतच्या आडव्या उतारावर न कलंडण्याची क्षमता आवश्यक ठरली. काही मोठ्या कंपन्यांनी विरोध करून तिथली बाजारपेठच सोडली. आयर्लंडने नोव्हेंबर 2023 पासून कामासाठी क्वाड चालवणाऱ्याला प्रशिक्षण आणि हेल्मेट अनिवार्य केले. यातला प्रत्येक नियम कोणीतरी ‘तोल गेला’ याच्या पुढचे लिहून ठेवल्यामुळे शक्य झाला, हे ध्यानात घे.

तुझ्या ट्रॅकची जमीन मात्र तुलाच वाचावी लागेल, कारण ऑस्ट्रेलियाच्या मानकात द्राक्षबाग नाही. पाऊस झाल्यावर काळी माती टायरच्या खाचांत थापली जाते आणि ब्रेक असूनही नसल्यासारखा होतो. उन्हाळ्यात पक्क्या जमिनीवर सुटा मुरूम पसरला की चाके खड्यांवरून घरंगळतात. एकच वळण जानेवारीत सोपे आणि जुलैमध्ये धोक्याचे असते, म्हणून नोंदीत जमिनीची त्या दिवशीची अवस्था असलीच पाहिजे. बागेच्या ओळीच्या टोकाला वेलींच्या मांडवाच्या लोखंडी अँगलला ताण देण्यासाठी जमिनीत पुरलेल्या तिरप्या तारा संध्याकाळच्या उजेडात अजिबात दिसत नाहीत आणि त्या नेमक्या चालकाच्या छाती-गळ्याच्या उंचीवर असतात. ट्रॅक त्यांच्यापासून दूर ने. तोवर निदान पांढऱ्या कापडाच्या पट्ट्या बांध. शेततळ्याच्या कडेची मला सर्वांत जास्त भीती वाटते. प्लॅस्टिकच्या अस्तरावरून घसरलेल्या माणसाला पोहता येत असले तरी वर चढता येत नाही. तिथे कुंपण हवे, आणि दोर व ट्यूब कायम टांगलेली हवी. डांबरी रस्ता तर वर्ज्यच मान. या गाड्यांचे मऊ टायर डांबरावर नको तेव्हा पकड घेतात, वळताना गाडी अचानक ओढली जाते. ‘फक्त दोनशे मीटर, पलीकडच्या शेतात जायचे आहे’ असे सांगणाऱ्या ग्राहकालाही नकार दे.

उद्या पुन्हा गाडी उलटलीच, तर नोंदवही नंतर. आधी गाडी बंद कर आणि माणूस दबलेला असेल तर ती अंगावरून हटव, कारण श्वासासाठी हाताशी काही मिनिटेच असतात. याचसाठी ट्रॅकवर एकटा कर्मचारी कधीही ठेवू नये. गाडी ओढू नये, ती उचलावी. माणूस मोकळा झाल्यावर त्याला हलवू नये, त्याची मान स्थिर ठेवावी, श्वासाला अडथळा नसेल तर हेल्मेट काढू नये, आणि 108 वर फोन करावा. जखमी उठून ‘मी ठीक आहे’ म्हणाला, तरी डोक्याला मार असेल तर त्याला एकट्याला घरी जाऊ देऊ नये.

त्यानंतर गाडी जिथे होती तिथे चुन्याची खूण कर, चाकांच्या खुणांचे फोटो घे, आणि चारही टायरची हवा त्याच वेळी मोज, कारण दुसऱ्या दिवशी कोणीतरी ती भरलेली असते. चालकाला प्रश्न विचारताना ‘का केले’ असे विचारू नकोस, ‘काय दिसले, काय केले, मग काय झाले’ असे विचार. पहिल्या प्रश्नाने माणूस स्वतःचा बचाव करू लागतो. आणि गाडी देताना तू त्याला काय सांगितलेस, तेही प्रामाणिकपणे लिही, जरी ते अपुरे असले तरी. मालकाला हे आवडणार नाही, असे तू सूचित केले आहेस. त्यांना सांग की महाराष्ट्र शासनाने 2021 मध्ये साहसी पर्यटनाचे धोरण आणले असून त्यात पर्यटन संचालनालयाकडे नोंदणीची आणि सुरक्षेच्या व्यवस्थेची अपेक्षा आहे. चोख नोंदवही ही उद्या त्यांच्याच बाजूने उभी राहणारी गोष्ट आहे. तरीही कोणी तुला न पटणाऱ्या कागदावर सही करायला सांगितले, तर करू नकोस. माझ्या त्या सहीला दहा वर्षे झाली आणि त्या गृहस्थांचा चेहरा अजून डोळ्यांसमोरून जात नाही.

रविवारी सकाळी मी येतो. कमी दाबाचा गेज आणि कोनमापक माझ्याकडे आहेत, ते सोबत आणतो. त्या वळणावरची माती तोवर कोणाला सारखी करू देऊ नकोस, आणि ती गाडी, टायरला हात न लावता, बाजूला उभी करून ठेव. तुझ्या वहीतील ती नोंद आपण दोघे मिळून पुन्हा लिहू.

तुझा,
काका