शिलोंड्याची वाट साफ करायला ब्रशकटर, चेनसॉ चालेल का?

तुमच्या ग्रुपला पावसाळा संपल्यावर बोरिवलीच्या राष्ट्रीय उद्यानातली शिलोंड्याची वाट मोकळी करायची आहे, त्यासाठी ब्रशकटर (गवत-झुडपं छाटायचं इंजिनचं यंत्र), चेनसॉ आणि वरून शूटिंगला ड्रोन नेता येईल का, असं विचारलंत. परवानगीशिवाय यातलं काहीही नेऊ नका. कोयतासुद्धा.

अमेरिकेच्या १९६४ च्या वाइल्डरनेस कायद्यात, म्हणजे तिथल्या राखीव रानांसाठीच्या कायद्यात, मोटारवर चालणाऱ्या अवजारांना नाव घेऊन मनाई आहे. व्यवस्थापनाचं अगदी अडलं तरच सूट. त्यामुळे तिथल्या वाटांवर आजही दोघांनी ओढायची करवत चालते. आपल्या १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्याचा रोख यंत्रापेक्षा कामावर आहे. कलम ३५(६) नुसार राष्ट्रीय उद्यानातून वनोपज (लाकूड, गवत वगैरे) हलवणं किंवा प्राण्यांच्या अधिवासाला धक्का लावणं मुख्य वन्यजीव रक्षकांच्या परवान्याशिवाय गुन्हा आहे. ते काम वन्यजीवांच्या भल्यासाठी गरजेचं आहे अशी राज्य सरकारची खात्री पटल्याशिवाय तो परवानाही मिळत नाही. वाटेत आडवं पडलेलं झाडसुद्धा ‘कचरा’ नाही. त्या खोडात बुरशी, वाळवी, विंचू, सापसुरळ्या असा सगळा संसार असतो. ते कापायचं की वळसा घालून जायचं, हे वनखात्याने ठरवायचं.

आवाजाचाही विचार करा. बिबट्या दिसला की चितळ आणि वानरं ओरडून एकमेकांना सावध करतात. इंजिनच्या घरघरीत ती हाक बुडते. शिवाय दिवाळीनंतर गवत वाळतं. तापलेला सायलेन्सर किंवा पात्याची दगडावर उडालेली ठिणगी तिथे वणवा लावायला पुरेशी आहे.

ड्रोनबद्दल ‘२५० ग्रॅमच्या आतला चालतो’ असं जे ऐकता, ती सवलत पायलटच्या लायसन्ससारख्या ड्रोनच्या नियमांपुरती आहे. जंगलात उडवायला वनखात्याची परवानगी वेगळी लागते.

खरंच हातभार लावायचा असेल तर उद्यानाच्या कार्यालयात ग्रुपच्या नावाने लेखी अर्ज द्या, आरएफओंना (वनक्षेत्रपालांना) भेटा आणि वनरक्षकाच्या देखरेखीखाली जे काम सांगतील ते करा. टणटणी (घाणेरी, लँटाना) हे बाहेरून आलेलं झुडूप काढायचं मिळालं तर फार उत्तम, कारण तिथे ब्रशकटर तसाही कुचकामी आहे: वरून छाटली की ती पुन्हा फुटते. कुदळीने माती उकरून मूळ जमिनीखालीच तोडावं लागतं. आणि ते काम बिया धरायच्या आधी व्हायला हवं, म्हणून अर्ज आत्ताच टाका.