ती वही कुणाची आहे, ते आधी बघूया

ताई, नमस्कार.

पत्र दोनदा वाचलं. मुलगी नाट्यशास्त्राच्या पदवीच्या दुसऱ्या वर्षाला आहे, सकाळी सातला बाहेर पडते ती रात्री दहाला येते, बारावीला ८४ टक्के होते ते आता ५८ वर आलेत, घरी असली की कपाटात तोंड घालून काहीतरी बोलत बसते आणि तिचे बाबा नातेवाइकांना अजूनही "ती बीए इंग्लिश करतेय" असंच सांगतात. कॉलेजबाहेरचे बाहुल्या, पथनाट्य वगैरे बाकीचे उद्योग बंद करून तिला बीएडला घालू की स्पर्धा परीक्षेला बसवू, असं तुम्ही विचारलंय. त्यावर येतेच, पण आधी पत्रासोबतच्या दोन फोटोंबद्दल बोलायचंय.

ती झोपलेली असताना तुम्ही तिची वही उघडलीत, पानांचे फोटो काढलेत आणि मला पाठवलेत. पानावर लिहिलंय, "या घरात मला श्वास घेता येत नाही, आई समोर आली की शब्दच संपतात." तुम्हाला रात्रभर झोप लागली नाही, कुठल्याही आईला लागली नसती. पण ताई, समासात पेन्सिलने काय लिहिलंय ते बघितलंत का? "अंक २, प्रवेश १." खाली एक चौकोन, त्यात दार, खिडकी, खुर्ची आणि खुर्चीपासून दारापर्यंत बाण. त्या वाक्याशेजारी बारीक अक्षरात "पॉज, मग वळणे". मला तरी ही तिच्या भूमिकेची वही दिसतेय, त्या पात्राच्या तोंडून लिहिलेली.

नाटक शिकणाऱ्यांना हा अभ्यास देतातच. एण्ट्री घेण्याआधी ही बाई कुठे होती, कुणावर चिडलीय, कशाला घाबरते, संहितेत नसलेलं सगळं "मी" म्हणून लिहून काढायचं. १८९८ मध्ये मॉस्को आर्ट थिएटर उभं करणाऱ्या दोघांपैकी एक म्हणजे रशियन नट-दिग्दर्शक स्तानिस्लावस्की, त्यांनी तर अभिनय शिक्षणावरचं आपलं गाजलेलं पुस्तकच एका नाट्यविद्यार्थ्याच्या डायरीसारखं लिहिलंय, इंग्रजीत ते १९३६ ला आलं. म्हणजे तुमच्या लेकीने गृहपाठ केलाय आणि मन लावून केलाय.

तरी फक्त फोटोवरून मी खात्री देणार नाही. तिलाच विचारा, पण वही वाचली हे आधी कबूल करून, सॉरी म्हणून विचारा. ती चिडेल, चिडू दे. आणि समजा ती म्हणाली की यातलं थोडं माझंपण आहे, तर मध्ये न बोलता ऐका, लगेच उपाय सांगायला जाऊ नका, आणि फारच खचलेली वाटली तर तिला विश्वासात घेऊन समुपदेशकाकडे न्या.

आता ते कपाट. तुम्ही लिहिलंय "वेड्यासारखं कपाटात बोलते". ती मैत्रिणींबरोबर श्राव्यनाटक, म्हणजे फक्त ऐकायचं, रेकॉर्ड केलेलं नाटक करतेय असं तुमच्याच पत्रात पुढे आहे, मग कोडं सुटलंच की. टांगलेले कपडे आवाज शोषून घेतात, खोली घुमत नाही, स्टुडिओ परवडत नसेल तर स्वच्छ आवाज असाच मिळतो. कॉलेजचं तेवढं करावं आणि हा टाइमपास बंद करावा, हा मोठा गैरसमज आहे आणि जवळजवळ सगळ्या पालकांचा असतो. कॉलेजात सकाळी शरीराचे आणि आवाजाचे व्यायाम, मग थिअरी, दुपारी नेपथ्य किंवा प्रकाशयोजना, संध्याकाळी तालीम, यात तिला काम नेमून दिलेलं असतं. श्राव्यनाटकात मात्र संहिता तिने निवडली, कात्री तिने लावली, दांड्या मारणाऱ्या माणसांना तिने गोळा केलं, एडिटिंग रात्री जागून तीच शिकतेय. उद्या कुणी काम देताना पहिल्यांदा विचारणार "काय केलंयस, दाखव", तेव्हा ५८ आणि ८४ मधल्या फरकाने काही होत नाही, ऐकवायला वीस मिनिटांचं पूर्ण झालेलं नाटक असेल तर होतं. भरताच्या नाट्यशास्त्रात अभिनयाचे चार प्रकार आहेत, आंगिक म्हणजे शरीराचा, वाचिक म्हणजे बोलण्याचा, आहार्य म्हणजे वेशभूषेचा आणि सात्त्विक म्हणजे आतल्या भावाचा, त्यातला वाचिक ती त्या कपाटात घोटतेय म्हणा.

तिलाही एक सांगायचंय, हा भाग तिला वाचून दाखवा. श्राव्यनाटक, कागदाच्या लगद्याच्या बाहुल्या आणि पथनाट्य, तिन्ही एकदम नको गं. एक संपव, मग दुसरं घे. पाच तास झोपून आवाज टिकत नाही, आधी बसतो आणि मग तालमीत ताणून ताणून जास्तच बिघडतो. आणि अभिनयाबरोबर बॅकस्टेजचं एक काम पक्कं शिक, लाइट म्हण, ध्वनी म्हण. सुरुवातीची वर्षं पैसे अनियमित येतात, हे मी तुझ्यापासून लपवणार नाही, अशा वेळी दुसरं कौशल्य हाताशी लागतं.

परीक्षांचं थोडक्यात सांगते. पदवीनंतर राष्ट्रीय नाट्य विद्यालय आहे, एमए आहे, कॉलेजात शिकवायचं असेल तर नेट या प्राध्यापकांच्या पात्रता परीक्षेतही नाट्य विषय आहे. बीएड तिला मुलांबरोबर नाटक करायचं असेल तर जरूर करावं. पण बाबांना चार लोकांत सांगायला सोपं जावं म्हणून स्पर्धा परीक्षा नको, त्यात तिची उमेदीची वर्षं जातील. बाबांनी तिच्या कोर्सचं खरं नाव एकदा लोकांसमोर घेतलं तर ते तिला कुठल्याही क्लासपेक्षा जास्त उपयोगी पडेल, हे त्यांना माझ्या नावाने सांगा.

पुढच्या आठवड्यात तिच्या सरांची परवानगी घेऊन दोघं तालमीला जा. प्रयोगाला नको, तालमीलाच. मागे बसा, फोन बंद ठेवा. खुर्चीपासून दारापर्यंतची ती चार पावलं ती पुन्हा पुन्हा चालेल, दिग्दर्शक दर वेळी थांबवेल आणि ती परत खुर्चीत जाऊन बसेल.

आणि ते दोन फोटो तुमच्या मोबाइलमधून काढून टाका, मी माझ्याकडचे काढलेत.